माघारीचा हिशेब

२८ जुलै १९४२ रोजी स्टालिनने हुकूम क्रमांक २२७ काढला. त्याचं सार एकच होतं: आता एक पाऊलही मागे नाही. परवानगीशिवाय हटणाऱ्या अधिकाऱ्यांची रवानगी दंड-तुकड्यांत होणार होती. डळमळणाऱ्या पलटणींच्या पाठीशी अडवणुकीची पथकं उभी राहणार होती. दुसऱ्याच दिवशी, २९ जुलैला, सोव्हिएत सरकारने सेनापतींसाठी नवी पदकं जाहीर केली. त्यांना सुवोरोव, कुतुझोव आणि अलेक्झांडर नेव्हस्की यांची नावं दिली. कुतुझोव पदक कशाकशासाठी द्यायचं, याची एक यादी नियमावलीत आहे. मोठ्या सैन्याने कौशल्याने केलेली सक्तीची माघार हे त्या यादीतलं एक कारण. आदल्या दिवशी जो गुन्हा ठरला, त्याचीच नीट पार पाडलेली आवृत्ती दुसऱ्या दिवशी सन्मानाला पात्र झाली, आणि त्या सन्मानाला कुतुझोवचं नाव मिळालं.

नेपोलियनच्या स्वारीपुढे १८१२मध्ये घेतलेल्या ज्या माघारीमुळे रशियन लष्कराच्या स्मरणात मागे हटण्याला काही इभ्रत आली, तिचे पहिले दोन महिने कुतुझोव आघाडीवर नव्हताच. नीमन नदीपासून थेट मॉस्कोच्या वाटेवरच्या त्सारेवो-झाइमिश्चे गावापर्यंत मुख्य सैन्य मागे आणलं ते मिखाइल बार्कले द तोली याने. त्याच्या नावाचं पदक १९४२मध्ये कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी चाललं नसतं. जर्मन सैन्य व्होल्गाकडे सरकत असताना जर्मन बोलणाऱ्या लुथरपंथी सेनापतीच्या नावाने रशियन शिपायाला स्फुरण चढवणं अवघडच होतं.

बार्कलेची गोष्ट बहुतेक वेळा ‘अन्याय झालेला परका’ या साच्यात सांगितली जाते. तो शहाणा होता, बाकीचे उतावळे. त्याने देश वाचवला आणि श्रेय दुसऱ्याने नेलं. यात खोटं काही नाही, पण मला ही मांडणी अपुरी वाटते. तिच्यात बार्कले नुसता बिचारा होऊन बसतो, आणि त्याने खरोखर काय केलं हा प्रश्न मागे पडतो. माझं म्हणणं असं की त्याची खरी कर्तबगारी रणांगणाच्या आधीची, कचेरीतली आहे. त्याचं अपयशही खरं आहे आणि तेही लष्करीच आहे. सैन्याचा विश्वास ही सेनापतीच्या हातातली सामग्री असते, दारूगोळ्याइतकीच मोजण्याजोगी. बार्कलेने बाकी सगळ्याचा हिशेब ठेवला, हा एक रकाना तेवढा कोरा सोडला.

घराणं मूळचं स्कॉटिश, सतराव्या शतकात रीगा शहरात येऊन स्थिरावलेलं. आजोबा रीगाचे नगराध्यक्ष, वडील रशियन सैन्यातून निवृत्त झालेले साधे अधिकारी. जमीनजुमला नाही, दरबारी वशिला नाही. १७७६मध्ये पलटणीत प्रत्यक्ष सेवा सुरू झाली, १७७८मध्ये अधिकारपद मिळालं, आणि मेजर जनरल व्हायला १७९९ साल उजाडलं. मधल्या काळात ओचाकोव, स्वीडन, पोलंड अशा मोहिमा झाल्या. बड्या घरची मुलं त्या काळात पंचविशीत कर्नल होत. बार्कले एकेक पायरी चढत होता आणि प्रत्येक पायरीवर पलटणीचे जोडे, दाणागोटा, कवायत पाहत होता. पुढे त्याच्यावर जे आरोप झाले त्यांतला एक असा की हा सेनापती नव्हे, कारकून आहे. तो आरोप होता खरा, पण मला ती पावती वाटते.

त्याचं नाव झालं ते १८०७च्या आयलाऊच्या लढाईनंतर. तिथे उजव्या हाताच्या हाडांचा चुरा झाला. हात वाचला, पण जन्मभर अवघडलेलाच राहिला. मेमेलला उपचार चालू असताना झार अलेक्झांडर त्याला भेटायला गेला आणि त्याच्या नजरेत हा अबोल माणूस भरला. याच मुक्कामात बार्कलेने नीबूर या इतिहासकाराला सांगून ठेवलं होतं म्हणे, की नेपोलियनशी आपल्याला लढावं लागलं तर त्याला रशियात खोल ओढून नेईन. ही कथा नंतर फार लोकप्रिय झाली. मी तिच्यावर फारसा भार टाकणार नाही. निकाल लागल्यावर अशी भाकितं सापडतच असतात.

त्यापेक्षा १८०९च्या मार्चमधली मोहीम जास्त बोलकी आहे. रशियाचं स्वीडनशी युद्ध चालू होतं. फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधलं बोथनियाचं आखात गोठलं होतं, आणि क्वार्केन नावाच्या अरुंद भागातून बर्फावरून पलीकडे जायचं ठरलं. बार्कलेबरोबर तीन-साडेतीन हजार माणसं होती. बर्फ सपाट नव्हता. वादळाने फोडून पुन्हा गोठवलेले त्याचे कडे उभे होते. तोफांची चाकं काढून त्या घसरगाड्यांवर चढवल्या. रात्री उघड्या बर्फावरच मुक्काम होता, आणि शेकोटी पेटवायला लाकूडच नव्हतं. अशा वाटेने सैन्य उमेओ शहरासमोर जाऊन उभं राहिलं आणि स्वीडिश सेनानीने शहर सोडलं. लढाई म्हणावी अशी झालीच नाही. लगेच तहाची बोलणी सुरू झाली आणि बार्कलेला आल्या वाटेने बर्फावरून परत फिरावं लागलं. ज्या कामात शत्रूपेक्षा थंडी, अंतर आणि अन्न यांच्याशी गाठ असते, तिथे हा माणूस शांतपणे पुढे जातो हे मात्र दिसलं. झारने त्याला बढती दिली, फिनलंडचा कारभार सोपवला आणि १८१०च्या सुरुवातीला युद्धमंत्री केलं. त्याच्या वरचे कितीतरी ज्येष्ठ जनरल यामुळे दुखावले, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

आता मंत्रिपदाच्या दोन वर्षांकडे येऊ. लष्करी इतिहासाची पुस्तकं इथे पानभर थांबतात आणि पुढे धावतात. मला वाटतं, १८१२चा अर्धा निकाल इथे लागला. तोफखाना सुधारण्याचं श्रेय बार्कलेच्या आधीच्या मंत्र्याचं, अराकचेएव याचं आहे. तो माणूस म्हणून कितीही नकोसा असला तरी ते त्याला द्यायलाच हवं. बार्कलेने हाती घेतलं ते माणसांचं आणि कोठारांचं काम. भरती वाढवली, नव्या पलटणी उभ्या केल्या, द्विना आणि द्निपर नद्यांच्या मागे धान्याचे आणि चाऱ्याचे साठे करायला घेतले, बोब्रुइस्क आणि दिनाबुर्गच्या किल्ल्यांची बांधकामं लावून धरली. मार्च १८१०मध्येच त्याने झारपुढे पश्चिम सीमेच्या संरक्षणाचं टिपण ठेवलं होतं. त्यातला मुख्य विचार असा की सीमा लांबलचक आणि उघडी आहे, ती सीमेवरच राखता येणार नाही, म्हणून खरी फळी मागे धरावी.

जानेवारी १८१२मध्ये मोठ्या सैन्याच्या कारभाराचा नवा कायदा मंजूर झाला. पिवळ्या पुठ्ठ्यामुळे सैन्यात त्याला ‘पिवळं पुस्तक’ म्हणत. सरसेनापतीचे अधिकार काय, मुख्यालयात कोण कुणाला जबाबदार, रसदीचा अधिकारी कुणाचं ऐकणार, युद्धक्षेत्रातले प्रांत सैन्याला काय देणार, हे सगळं त्यात बारीकसारीक लिहिलं होतं. असलं पुस्तक कुणी हौसेने वाचत नाही. पण कुतुझोवने पुढे जे सैन्य चालवलं ते याच पुस्तकाप्रमाणे. गंमत अशी की त्या कायद्यातली सरसेनापतीची एकछत्री सत्ता बार्कलेला स्वतःला कधी मिळाली नाही.

दुसरं काम हेरगिरीचं. रशियाच्या वकिलातींत लष्करी माहिती गोळा करणारी माणसं नेमली गेली. पॅरिसमध्ये झारचा तरुण सहायक चेर्निशेव मेजवान्यांत मिरवत असे. फ्रेंच युद्धखात्यातल्या मिशेल नावाच्या कारकुनाला त्याने पैशाने फोडलं होतं. नेपोलियनसाठी ठरावीक मुदतीने फौजेच्या संख्येचे तक्ते तयार होत. तेच तक्ते चेर्निशेवमार्फत पीटर्सबर्गला पोचत. फेब्रुवारी १८१२मध्ये चेर्निशेवने पॅरिस सोडलं. मागे पोलिसांनी त्याच्या खोल्यांची झडती घेतली तेव्हा गालिच्याखाली राहून गेलेली मिशेलची एक चिठ्ठी हाती लागली. मे महिन्यात मिशेलचं डोकं गिलोटिनखाली गेलं. पण तोवर बार्कलेच्या टेबलावर आकडे येऊन पडले होते, आणि ते आकडे ज्याने वाचले त्याला सीमेवर लढाई द्या म्हणणं शक्य नव्हतं. नेपोलियनच्या पहिल्या लाटेतच साडेचार लाखांच्या आसपास माणसं होती. समोर बार्कलेची पहिली सेना सव्वा लाखाच्या आत-बाहेर, आणि दक्षिणेला बाग्रातिओनची दुसरी सेना पन्नास हजारही नव्हती. माघारीचा निर्णय या वजाबाकीतून आला. त्याला भ्याडपणा म्हणणाऱ्यांनी हे तक्ते पाहिलेले नव्हते, आणि दाखवायचे म्हटले तरी दाखवता आले नसते.

२४ जून १८१२ला नेपोलियनने नीमन ओलांडली. (तारखा नव्या पंचांगाच्या, रशियाचं तेव्हाचं पंचांग बारा दिवस मागे होतं.) झारच्या जवळ फुल नावाचा एक प्रशियन सल्लागार होता. त्याच्या योजनेप्रमाणे सैन्याने द्रिसा येथील तटबंद छावणीत जाऊन बसायचं होतं. क्लाउझविट्झ तेव्हा रशियन गणवेशात होता. पुढे युद्धशास्त्राचा आचार्य ठरलेल्या या माणसाने ती छावणी पाहिली आणि तो हादरला. आत गेलेलं सैन्य तिथेच कोंडलं गेलं असतं. छावणी सोडावी लागली. पोलोत्स्कला झार स्वतः सैन्य सोडून मॉस्कोकडे गेला आणि जाताना बार्कलेला म्हणाला की हे सैन्य सांभाळ, माझ्याकडे दुसरं नाही. सरसेनापती मात्र कुणालाच नेमलं नाही. बार्कले युद्धमंत्री म्हणून वरचा आणि बाग्रातिओन ज्येष्ठतेने वरचा, अशी दुहेरी मांडणी तशीच ठेवून झार निघून गेला. पुढच्या सहा आठवड्यांतल्या कटकटींचं मूळ इथे आहे, आणि त्याबद्दल झारला कुणी जबाबदार धरलं नाही.

ही माघार आधी ठरलेली योजना होती का? यावर रशियन आणि युरोपीय इतिहासकार दोनशे वर्षं भांडताहेत. क्लाउझविट्झचं मत असं की मोहिमेला तो आकार आपोआप येत गेला, कुणी तो आखला नव्हता. दुसरीकडे, अलेक्झांडरने १८११मध्येच फ्रेंच वकील कोलँकूरला सांगितलं होतं की प्रांत तोडून देण्यापेक्षा मी कामचात्कापर्यंत मागे जाईन. मला वाटतं, ‘योजना’ हा शब्द आला की आपल्याला नकाशावर बाण काढलेला कागद दिसतो आणि तिथेच गफलत होते. बार्कलेकडे असा कागद नव्हता. त्याच्याकडे होता तो नकार. आज लढलो तर सैन्य टिकेल का, हा प्रश्न तो रोज विचारत होता आणि उत्तर नाही आलं की पुढच्या मुक्कामाचा हुकूम सोडत होता. असे नकार दोन महिने रोज द्यायला योजनेपेक्षा वेगळी ताकद लागते. कारण योजनेच्या मागे माणसाला लपता येतं, रोजच्या निर्णयाच्या मागे येत नाही.

मराठी वाचकाच्या ओठावर इथे ‘गनिमी कावा’ येईल, तो जरा आवरायला हवा. चपळ घोडदळाने हूल देऊन डोंगरात शिरणं वेगळं. इथे लाखाच्या वर माणसं, शेकडो तोफा आणि मैलोगणती बैलगाड्या-घोडागाड्यांचा तांडा होता, आणि हे सगळं न मोडता, न सांडता सपाट मुलखातून रोज मागे न्यायचं होतं. अशी माघार आक्रमणापेक्षा जड जाते. १४ ऑगस्टला क्रास्नी गावाजवळ नेवेरोव्स्कीच्या २७व्या डिव्हिजनवर फ्रेंच सेनानी म्युराचं घोडदळ पुन्हा पुन्हा तुटून पडलं. ही डिव्हिजन जेमतेम काही महिन्यांपूर्वी मॉस्कोजवळ उभी झालेली, बहुतेक शिपाई नवे रंगरूट. दुतर्फा झाडं असलेल्या रस्त्याने, चौकोन बांधून, संगिनी बाहेर रोखून ते दिवसभर मागे सरकत राहिले. कधी दोन चौकोन एकमेकांत मिसळून गर्दी झाली, पण ती गर्दीही पळाली नाही. तोफा गेल्या, माणसं पडली, आणि तरीही डिव्हिजन स्मोलेन्स्कच्या दिशेने शाबूत निघाली. स्मोलेन्स्क वाचवायला जो एक दिवस हवा होता, तो या पोरांनी मिळवून दिला. आणि ही डिव्हिजन बार्कलेच्या मंत्रालयाच्या भरतीतून आली होती.

तिकडे नेपोलियनचं सैन्य लढाईशिवायच विरघळत होतं. नीमन ओलांडून चारपाच दिवस होतात तोच मोठं वादळ झालं. थंड पाऊस, रस्त्यांचा चिखल आणि घोड्यांच्या पोटात नुसता ओला हिरवा चारा. त्या काही दिवसांतच दहा हजारांच्या आसपास घोडे मेले. घोडे गेले म्हणजे गाड्या मागे राहिल्या, गाड्या राहिल्या म्हणजे पीठ राहिलं, आणि पीठ नाही म्हटल्यावर शिपाई रस्ता सोडून खेड्यांत घुसले ते परतलेच नाहीत. हगवण आणि टायफसने बाकीचं काम केलं. विटेब्स्कच्या आसपास पोचेतो मुख्य सैन्यातला तिसरा हिस्सा उरला नव्हता. हिवाळ्याने नेपोलियनला हरवलं असं शाळेत शिकवतात. हा हिशेब जुलै-ऑगस्टचा आहे, भर उन्हाळ्यातला.

मग रशियन अधिकारी इतके भडकले का? एक कारण सुवोरोव. त्याची परंपरा म्हणजे संगीन, वेग आणि हल्ला. १७९९च्या इटली-स्वित्झर्लंडच्या मोहिमेत बाग्रातिओन त्याच्या हाताखाली घडला होता, बार्कले तिथे नव्हता. या पिढीला माघार ही चाल वाटत नव्हती, नाचक्की वाटत होती. बाग्रातिओन अराकचेएवला एकामागून एक पत्रं लिहीत होता. मंत्री सैन्याला लाज आणतोय, मुख्यालयात जर्मनच जर्मन भरलेत, रशियन माणसाला श्वास घेता येत नाही, असा त्यांचा रोख. बाग्रातिओन स्वतः जॉर्जियन राजघराण्यातला. ‘खरा रशियन’ हे रक्तावर ठरत नव्हतं, तोंडावर आणि स्वभावावर ठरत होतं, हे यावरून लक्षात यावं. पहिल्या सेनेचा स्टाफप्रमुख येर्मोलोव, म्हणजे बार्कलेचाच उजवा हात, त्याच्याविरुद्ध पत्रं लिहिणाऱ्यांत होता. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर ‘मला जर्मन करा’ असं याच येर्मोलोवने म्हटल्याची कथा आहे. शिपायांनी बार्कलेच्या नावाची मोडतोड करून ‘नुसती बडबड’ अशा अर्थाचं टोपणनाव पाडलं. यात विनोद असा की त्याच्याइतका कमी बोलणारा जनरल त्या छावणीत दुसरा नसावा.

आणि त्याचं न बोलणं हाच इथला खरा घोटाळा आहे, असं माझं मत आहे. ३ ऑगस्टला दोन्ही सेना स्मोलेन्स्कला एकत्र आल्या. बाग्रातिओनने मोठ्या मनाने बार्कलेच्या हाताखाली राहायचं कबूल केलं. वातावरण चांगलं होतं. युद्धमंडळाने रुद्न्याच्या दिशेने हल्ला करायचं ठरवलं आणि बार्कलेने मान हलवली. सैन्य निघालं. मग बार्कलेला शंका आली की नेपोलियन बगलेवरून येतोय. सैन्य थांबलं, दिशा बदलली, पुन्हा परतलं, पुन्हा निघालं. शिपाई त्याच त्या रस्त्यांवरून इकडून तिकडे तुडवत राहिले. त्याची शंका अगदी निराधार नव्हती, पण नेपोलियन खरा आला तो भलत्याच बाजूने, द्निपरच्या दक्षिणेकडून. एक तर हल्ला होणार नाही असं मंडळात स्पष्ट सांगायचं, नाही तर कबूल केल्यावर तो तडीस न्यायचा. बार्कलेने होकार दिला आणि मनात नकार ठेवला. सैन्याने त्याचा अर्थ लावला तो फितुरीचा. हा अर्थ अन्यायाचा होता, पण रिकाम्या जागेत लोक काही ना काही अर्थ भरतातच, आणि ती जागा सेनापतीनेच रिकामी सोडली होती.

स्मोलेन्स्क दोन दिवस झुंजलं, पेटलं, आणि १७-१८ ऑगस्टच्या रात्री बार्कलेने ते सोडलं. शहरातली माता मेरीची पूज्य प्रतिमा सैन्याबरोबर निघाली. झारचा भाऊ कॉन्स्टंटिन चारचौघांत त्याच्यावर ओरडला. बार्कलेने ऐकून घेतलं आणि काही तासांतच राजपुत्राच्या हातात खलिते देऊन त्याला पीटर्सबर्गला रवाना केलं. निर्णय म्हणून स्मोलेन्स्क सोडणं बरोबरच होतं. लढत बसलं असतं तर मागचा मॉस्कोचा रस्ता तुटला असता. पण त्या रात्री त्याची पत संपली.

झारने कुतुझोवला नेमलं. पुढे बार्कलेला लिहिलेल्या पत्रात अलेक्झांडरने जवळजवळ कबूलच केलं की लोकमतापुढे आपला इलाज चालला नाही. २९ ऑगस्टला कुतुझोव त्सारेवो-झाइमिश्चेला पोचला. अशा बहाद्दरांना घेऊन कुणी मागे हटतं का, असं तो सलामीच्या रांगेपुढे म्हणाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आणि लगोलग माघारीचा हुकूम सुटला! सैन्याने तो निमूट मानला. काल जे सैन्य अशाच हुकुमावर दात-ओठ खात होतं, तेच आज म्हातारबाबांच्या मनात काहीतरी असेल म्हणून चालू लागलं. याला मी ढोंग म्हणणार नाही. कुतुझोवने सैन्याला नवा नकाशा दिला नाही, पण त्याच नकाशावर चालायची उमेद दिली. उमेद ही लढाईत तोफेसारखीच कामाला येते.

७ सप्टेंबरला बोरोदिनोला बार्कले सगळी पदकं लावून, पिसांची टोपी घालून, पूर्ण समारंभी पोशाखात आला. लांबून नेम धरणाऱ्याला सोपं जावं असाच तो थाट होता. रायेव्स्कीच्या मोर्च्याजवळ तोफगोळ्यांत तो दिवसभर होता. एकामागून एक घोडे त्याच्याखाली मेले, दुपारी तर तो स्वतः घोडदळाच्या धुमश्चक्रीत सापडला. त्याला मरायचंच होतं, असं जवळच्यांना वाटलं. काही आठवडे त्याला पाहून गप्प राहणाऱ्या पलटणींनी त्या दिवशी ‘हुर्रा’ दिला. रशियाची चाळीस हजारांहून जास्त माणसं पडली. बाग्रातिओनच्या पायाला लागलेली जखम काही दिवसांत त्याला घेऊन गेली. बार्कलेला साधा ओरखडाही नाही.

१३ सप्टेंबरला फिली गावात एका शेतकऱ्याच्या झोपडीत जनरल जमले. विषय होता मॉस्को. बार्कले तापाने फणफणला होता. त्याने आधीच्या दिवसांसारखाच हिशेब मांडला: जागा लढाईला वाईट आहे, पाठीशी शहर आणि नदी आहे, हरलो तर सैन्य आणि शहर दोन्ही जातील, सैन्य राहिलं तर शहर परत मिळेल. बेनिगसेन लढायचं म्हणत होता. कुतुझोवने सगळं ऐकलं आणि माघारीचा हुकूम दिला. त्या झोपडीतला युक्तिवाद बार्कलेचा, पण तो अमलात आणू शकणारा माणूस एकच होता. बार्कलेने स्वतःच्या अधिकारात मॉस्को सोडलं असतं तर सैन्यात बंड झालं असतं, निदान सैन्य विस्कटलं तरी असतं. दुसऱ्या दिवशी गल्लीबोळांतून सैन्य बाहेर काढण्याची व्यवस्था पुन्हा बार्कलेकडेच आली. शिपाई दारूच्या गुत्त्यांत घुसू नयेत म्हणून त्याने रस्तोरस्ती आपले अधिकारी उभे केले आणि स्वतः घोड्यावरून उतरला नाही.

विश्वासाचा हाच मुद्दा पुश्किनने माझ्याआधी, आणि माझ्यापेक्षा नेमका, सांगून ठेवलाय. १८३५मध्ये हिवाळी महालाच्या चित्रदालनात डॉ या चित्रकाराने रंगवलेलं बार्कलेचं चित्र पाहून त्याने एक कविता लिहिली. उपेक्षित, न समजलेल्या सेनापतीची ती कविता आहे. कुतुझोवच्या एका नातलगाने लगेच पत्रक काढून निषेध केला. पुश्किनने आपल्या मासिकात खुलासा केला की कुतुझोवची थोरवी मी कमी केलेली नाही. मॉस्को सोडणं फक्त त्यालाच शक्य होतं, कारण लोकांचा विश्वास एकट्या त्याच्यापाशी होता. मला कवितेपेक्षा हा खुलासा मोलाचा वाटतो. कवितेने बार्कलेला हळवं स्मारक दिलं. खुलाशाने १८१२चं राजकारण उलगडलं.

टॉलस्टॉय मात्र इथे घोटाळा करून गेला. ‘युद्ध आणि शांती’त सेनापती जवळपास निरुपयोगी आहेत. इतिहास आपल्या ओघाने जातो, कुतुझोव थोर तो एवढ्यासाठी की तो त्या ओघाच्या आड येत नाही. बार्कलेसारखा आकडे मांडणारा माणूस या तत्त्वज्ञानात हास्यास्पदच ठरणार. कादंबरी म्हणून तिच्यापुढे हात जोडतो. पण कोठारातलं धान्य ओघाने येत नाही. कुणीतरी दोन वर्षं आधी मागणी लिहिलेली असते, ठेकेदाराशी भांडलेलं असतं, गाड्या मोजलेल्या असतात. टॉलस्टॉय स्वतः तोफखान्यात होता, सेवास्तोपोलला लढला होता. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला ते सांगायचं नव्हतं.

सोव्हिएत काळात हाच विसर सरकारी झाला. १९४७मध्ये स्टालिनचं कर्नल राझिनला लिहिलेलं पत्र छापलं गेलं. त्यात कुतुझोवच्या नीट तयार केलेल्या प्रतिहल्ल्याचा गौरव आहे, आणि माघार हाही युद्धाचा रास्त प्रकार आहे असं बजावलंय. १९४१च्या भयंकर पळापळीनंतर हे म्हणणं स्टालिनच्या फार सोयीचं होतं. तयारीने केलेली माघार आणि झोपेत गाठल्याने झालेली माघार एकाच नावाखाली गेली की चौकशी टळते. बार्कलेला नीट आठवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं: त्याने दोन वर्षं आधी आकडे वाचले होते, मग १९४१मध्ये ते कुणी वाचले नाहीत का?

तारुतिनोच्या छावणीतून बार्कलेने तब्येतीचं कारण सांगून सैन्य सोडलं. कालुगात जमावाने त्याच्या बग्गीवर दगड फेकले. गाडी मी डोंगराच्या माथ्यावर आणून ठेवलीय, आता ती हलक्या हाताने उतरवायची तेवढी बाकी आहे, असं तो एका सहायकाला म्हणाल्याचं सांगतात. काही महिन्यांतच तो परत बोलावला गेला. एप्रिल १८१३मध्ये कुतुझोव वारला. मग विटगेनस्टाइनकडे सूत्रं गेली, त्याने ल्युत्सेन आणि बाउत्सेन अशा दोन लढाया गमावल्या, आणि मेअखेर रशियन सैन्य पुन्हा बार्कलेच्या हाती आलं.

त्याने पहिल्याच दिवसांत काय सुचवलं असेल? माघार! सैन्याच्या तुकड्या एकमेकींत मिसळल्यात, दारूगोळा आणि भाकरी संपतेय, सहा आठवडे पोलंडमध्ये जाऊन सगळं पुन्हा बांधतो, असं त्याचं म्हणणं. हिशेब पुन्हा चोख होता आणि पुन्हा एक रकाना कोरा. रशिया पोलंडकडे गेला असता तर त्याचा मित्र प्रशिया नेपोलियनच्या तोंडी एकटा उरला असता, आणि आघाडी तिथेच फुटली असती. प्रशियन सेनानी संतापले. ४ जूनला नेपोलियननेच तात्पुरता तह केल्यामुळे हा पेच सुटला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पोलंडला न जाताच, बार्कलेला हवे होते त्याहून जास्त आठवडे मिळाले. राखीव पलटणी रशियातून चालत आल्या, गाड्या दुरुस्त झाल्या, जोडे आले. ऑगस्टअखेर कुल्मच्या लढाईबद्दल त्याला सेंट जॉर्जचा पहिला वर्ग मिळाला. या पदकाचे चारही वर्ग मिळवणारे रशियाच्या इतिहासात चौघेच झाले, आणि त्यांत कुतुझोव एक, बार्कले दुसरा. मार्च १८१४मध्ये हे सैन्य पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर चढलं आणि झारने त्याला फील्डमार्शल केलं. त्या वर्षभरात त्याच्या जर्मन असण्याची कुजबुज फारशी कानावर येत नाही.